चल्लस-आठ

"बाई, कारखान्याचं धुराडं पेटायला म्हैना राह्यला. हातात कोयता कवा येईल तेवढं सांगा. खेळ कसले खेळवता?"

उजव्या हाताला लकवा मारलेला शहादेव रोज हेच विचारायचा. दवाखान्यात पेशंटला खेळवून बरं करायचं, हीच माझी नोकरी. पण गडी चेंडूला शिवेना.

शेवटी मी फरशीवर खडूनं चल्लस-आठचा पट आखला, फोडलेले चिंचोके ठेवले आणि त्याच्या बायकोला, मालनबाईला, समोर बसवलं. ऊसतोडीला वीस वर्षं दोघं जोडीनं जायचे. हा पुढं ऊस तोडायचा, ती मागं मोळ्या बांधायची. माझी अट एकच होती, शहादेवनं चिंचोके उजव्या हातानंच टाकायचे.

तिसऱ्या दिवशी मालनबाईनं त्याची सोंगटी मारली आणि तोंडाला पदर लावून ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. शहादेव मुठीत चिंचोके धरून तिच्याकडं बघतच राहिला.

"मूठ वळली की तुमची!" मी म्हणाले. "पंधरा दिवसांत कोयता धराल."

"घाई न्हाई, बाई," तो म्हणाला. "म्होरं तोडत असल्यावर ही हसल्याली दिसत न्हाई."