मुहूर्ताचं बटण

राखीनं चिखलीच्या दुकानातून सुटे पार्ट आणून घरीच कम्प्युटर जोडला. पण नारळ फोडून पहिलं बटण दाबायचा मान तिच्या वडिलांचा, तेजरावांचा. विहिरीवरची मोटर पाणी उचलेपर्यंत बटण दाबून धरणं घरात फक्त त्यांनाच जमायचं.

त्यांनी अंगठा रोवला. पंखा गरगरला, लाल-निळे दिवे लागले आणि सगळं विझलं. राखीनं रॅम काढून पुसली, वायरी पुन्हा खोचल्या, आईनं लिंबू उतरवून टाकलं. दर वेळी तेजरावांनी तितक्याच जोरात अंगठा रोवला आणि दर वेळी तेच झालं.

"भंगार देल्लं तुले त्या दुकानदारानं! पाह्यतोच त्याले," म्हणत ते चिखलीच्या जीपमध्ये बसले.

दुपारी राखीनं वैतागून बटणावर नुसती टिचकी मारली. कम्प्युटर सुरू झाला, तो बंदच पडेना. तिनं घाईघाईनं वडिलांना फोन लावला.

"लवकर बोल," तेजराव म्हणाले, "माहा एक हात दुकानदाराच्या कॉलरीत गुतला हाये."

 

"बाबा, ते बटण मोटरीसारखं धरून नाही ठेवा लागत, दाबून लगेच सोडा लागते... अन् कॉलरबी."