सुलट दाखवणारं भिंग

“साहेबांना सांगा, सुलट दाखवणारं भिंग आलंय,” दुर्बिणीच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं. तो फोन ठेवणार तेवढ्यात साहेबांच्या बायकोनं विचारलं, सुलट म्हणजे काय?

दुकानदार बोलका होता. आरशाच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, तो म्हणाला. नवीन गिऱ्हाईक हमखास तक्रार घेऊन येतं, की दुर्बीण बिघडली. ती बिघडलेली नसते. ताऱ्याला ना डोकं ना पाय, त्यामुळे आकाश बघणाऱ्याचं काही अडत नाही. हे भिंग लागतं ते जमिनीवरचं बघणाऱ्यांना. तिनं आणखी एक गोष्ट विचारून घेतली आणि फोन ठेवला.

जमिनीवरचं. म्हणजे इतके दिवस मनात पाल चुकचुकत होती ती उगाच नाही.

नवरा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाला, आणि वेळ जात नाही म्हणून त्यानं दुर्बीण आणली. मागच्या खोलीत, खिडकीपाशी मांडली. आकाशाची आवड याला कधीपासून, हे तिनं विचारलं नव्हतं. पण हा माणूस आकाश बघायला बसायचा तो भर दुपारी. तिनं हटकलं तेव्हा उत्तर तयार होतं. मोठ्या नळीवर नेम धरायला एक छोटी दुर्बीण असते, ती मोठीशी जुळवून घ्यावी लागते, आणि ते काम दिवसा, लांबची एखादी वस्तू धरूनच करायचं असतं. आज तिनं दुकानदाराला तेच विचारलं होतं. जुळवणी खरी होती. पण ते काम दहा मिनिटांचं होतं आणि याचं महिनाभर चाललं होतं.

बरं, ती चहा घेऊन आत गेली की नळी झटकन वर व्हायची. गुरुवारी तर कहर. गुरुवारी दुपारी ती गुडघ्याच्या व्यायामाला म्हणून बाहेर पडायची. आयुष्यभर तिच्या जाण्यायेण्याची उलटतपासणी घेतलेला हा गृहस्थ आता स्वतःच म्हणायचा, चुकवू नकोस, सावकाश ये. आणि ती चपला घालत असताना आत दाढी करत असायचा, इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलेला असायचा. दुर्बिणीतून आपल्याला पलीकडचं दिसतं, पलीकडच्यांना आपला शर्ट दिसत नाही, एवढं न कळण्याइतका तो बावळट नव्हता. मग हा थाट कुणासाठी?

तिला राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. मुलगी गेल्यापासून घरात दोघंच उरली होती. मुलीनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं तेव्हा यानंच बजावलं होतं, तिचं नाव या घरात काढायचं नाही. आता हाही हातचा गेला तर ती बोलणार कुणाशी, भिंतींशी?

आज बुधवार होता. नवरा भाजी आणायला गेला होता. ती मागच्या खोलीत गेली.

नळी आकाशाकडे नव्हतीच. मैदानापलीकडच्या इमारतींवर रोखलेली होती. तिनं पुढचं झाकण काढलं आणि डोळा लावला. नुसता धुरकट गोळा. नवऱ्याला डोळ्यापाशीची चाकी फिरवताना तिनं पाहिलं होतं, तीही फिरवून झाली. काही फरक पडेना. मग लक्षात आलं, खिडकीची काच बंद आहे. तिनं काच सरकवली, नळीला धक्का लागू न देता पुन्हा चाकी फिरवली, आणि समोर एक गॅलरी लख्ख उभी राहिली. उलटी. कुंड्या छताला चिकटल्यासारख्या, वाळत घातलेले कपडे दोरीवरून वर उभे. बाई काही दिसेना. निदान तिचे कपडे कळतील म्हणून तिनं मान वाकडी करून दोरीवरचं एकेक पाहायला सुरुवात केली.

दोरीवर निळ्या पट्ट्यांची चादर होती.

ती चादर तिची स्वतःची होती. फाटली, पायपुसणी केली, असं नवऱ्याला सांगून गेल्या गुरुवारी तिनंच ती पिशवीत कोंबून नेली होती. गुडघ्याचा व्यायाम वगैरे काही नव्हता. दर गुरुवारी ती नवऱ्याच्या चोरून मुलीकडे जात होती, आणि ही गॅलरी मुलीची होती.

म्हणजे हा कुणा बाईला बघत नव्हता. हा तिच्यावर पाळत ठेवून होता. सावकाश ये म्हणायचा आणि इथे बसून सगळं बघायचा. आता आठवड्यातली ती एक दुपारही तो बंद करणार.

मागे पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला. नवरा दारात उभा होता. उघडी खिडकी, बाजूला काढून ठेवलेलं झाकण, त्यानं सगळं पाहिलं.

“मी तिच्याकडे जाणं बंद करणार नाही,” ती म्हणाली.

तो जवळ आला, वाकून दुर्बिणीला डोळा लावला, चाकी किंचित फिरवली आणि तसाच वाकून राहिला. दुकानातून फोन आला होता का, एवढंच त्यानं विचारलं. आला होता, ती म्हणाली.

“तू तिथून निघालीस की ती हात हलवायला बाहेर येते, तेवढीच दिसते,” तो डोळा न काढता म्हणाला. “तीही खाली डोकं वर पाय. भिंग मी सकाळी घेऊन येतो. उद्या तिला जरा बाहेरच बोलत ठेव.”