दाराबाहेरचे बूट

लुडमिलाबाईंनी त्या दिवशी फरशीला मेण लावून ठेवलं होतं, आणि तिथेच घोळ झाला. प्रागच्या पोलिसांना न जुमानता बाईंच्या घरी चोरून शिकायला येणारी ती पोरं त्यांच्या फरशीला मात्र टरकून असायची. बाहेर गर्दी कळू नये म्हणून बूट काढायचे आणि हातात धरून आत आणायचे, हे ठरलेलं. पण बाहेर चिखल, आत चकचकाट. सगळ्यांनी घरच्या सवयीने दाराबाहेरच बूट काढले आणि आत येऊन बसले.

हानुश कालिना शिकवत होते. लिहिणाऱ्या माणसांना सरकारने तुरुंगात डांबल्याचा त्यांनी जाहीर निषेध केला, म्हणून विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं होतं. आता ते दिवसा एका इस्पितळाचा बॉयलर पेटवायचे आणि संध्याकाळी कुणाकुणाच्या घरी अशी चोरून व्याख्यानं द्यायचे. आजचा विषय होता धैर्य. अगदी रंगात आले होते.

तेवढ्यात जिन्यात जड पावलं वाजली आणि एकदम सगळ्यांना बूट आठवले. सापडलो तर कालिनांना तुरुंग आणि पोरांची शिक्षणं कायमची बंद. धैर्यावरचं व्याख्यान जागच्या जागी थांबलं.

पावलं दारापर्यंत आली, आणि चक्क पुढे वरच्या मजल्यावर गेली. तिथे ओटाकार स्लाविक राहायचे, विद्यापीठातलं बडं प्रस्थ. एके काळी कालिनांचे जिवलग मित्र. पण त्या निषेधाच्या पत्रकावर सही करायची वेळ आली तेव्हा त्यांनी नेमकं अंग काढून घेतलं. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"एवढे बूट कुणाचे?" वरून दरडावणीचा आवाज आला.

"माझ्या विद्यार्थ्यांचे," स्लाविक म्हणाले. "शिकवणं चाललंय. आत यायचं तर तुमचेही काढा, आणि नाव सांगून ठेवा. उद्या तुमच्या साहेबांशी बोलायला बरं पडेल."

जड पावलं खाली गेली, येतानापेक्षा बरीच हळू.

लुडमिलाबाईंनी दार उघडलं. पायपुसण्यावर एकही बूट नव्हता. जरा वेळाने स्लाविकच जिना उतरून आले. छातीशी बुटांचा ढीग, हनुवटीला चिखल, आणि कुणा मुलीचा उंच टाचेचा बूट कोटाच्या खिशात. पोलिसांची गाडी खिडकीतून दिसताच त्यांनी ते सगळे उचलून आपल्या दाराशी नेऊन ठेवले होते. पोरांना हसू आवरेना.

"भ्याला नाहीस, ओटा?" कालिनांनी विचारलं. किती दिवसांनी त्यांच्या तोंडी ते नाव आलं होतं.

"भ्यालो तर. बसू का जरा?"

कालिना सरकले. पोरांनी आपापले बूट आत घेतले. स्लाविकांनी पायातल्या लाल चौकड्यांच्या सपाता काढल्या. साऱ्या इमारतीच्या ओळखीच्या होत्या त्या. दाराबाहेर, पायपुसण्याच्या मधोमध त्यांनी त्या नीट जोडून ठेवल्या.

"अहो, आत घ्या त्या," लुडमिलाबाई कुजबुजल्या. "कुणी पाहील."

"पाहू दे की," स्लाविक म्हणाले, आणि मित्राशेजारी जाऊन बसले.