टेबलाची उंची

"सरळ उभा राहा. हात सोड. सैल सोड रे, परेडला नाही आलास," दादा म्हणाला.

धाकटा भाऊ गॅरेजच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. सुताराच्या टेबलाची उंची टेपने ठरत नाही, काम करणाऱ्याच्या मनगटावरून ठरते, हा दादाचा नियम. दादाचे स्वतःचे हात तीन वर्षांपासून थरथरत होते, म्हणून धाकट्याच्या मनगटाशी भिंतीवर खडूची रेघ धाकट्याच्याच बायकोने ओढली.

"ही झाली एक. काम संपलं की परत एकदा घेऊ. माप दोनदा, करवत एकदा."

गाडी बाहेर उन्हात काढली होती. गॅरेजमागे दहा पावलांवर दलदल सुरू होत होती. वर पत्रा तापलेला, खाली फरशी ओलसर, आणि या दोन्हींच्या मधे धाकट्याला निवृत्तीनंतरचं वर्कशॉप थाटायचं होतं. त्याने वहीत तेरा कपाटं काढली होती. दादाने त्यातली दहा खोडली.

"टेबल भिंतीला चिकटवू नकोस, ओल चढते. समोरासमोर दोन झरोके पाड, म्हणजे वारा खेळेल. हत्यारांच्या कपाटात एक छोटा बल्ब कायम चालू ठेव. ऊब असली की गंज धरत नाही. आणि भुसा, व्हार्निश काहीही त्या पाण्यात टाकायचं नाही. तिथे पक्षी आहेत, आणि ते तुझ्या आधीचे रहिवासी आहेत."

धाकटा गुणी विद्यार्थ्यासारखा सगळं लिहून घेत होता. तेवढ्यात दादाने विचारलं, "माझी पेटी कुठाय?"

धाकट्याने वही मिटली.

हात थरथरायला लागले तेव्हा दादाने आपली हत्यारांची पेटी त्याच्या हवाली केली होती. दर रविवारी फोनवर एकच प्रश्न यायचा, तेल दिलंस का? आणि एकच उत्तर जायचं, दिलं. खरं म्हणजे तीन वर्षांत धाकट्याने पेटीची कडीसुद्धा काढली नव्हती. ज्या दिवशी ती आली, त्याच दिवशी त्याने ती जुन्या टायरांमागे जमिनीवर सरकवली होती आणि विसरून गेला होता.

"बघू ना. आधी चहा घेऊ."

"आधी पेटी. खरं सांगू? तिच्यासाठीच आलोय. नीट असेल तर कायमची तुझी. गंजली असेल तर घेऊन जातो आणि सुतारकामाच्या शाळेला देतो. तिथली पोरं निदान हात तरी लावतील."

"इथली हवा फार वाईट आहे, दादा," धाकट्याने आधीच पांघरूण घालायला सुरुवात केली. "किती का तेल द्या. लोखंडच काय, इथे माणूससुद्धा गंजतो."



"मी काढते," बायको म्हणाली आणि सरळ टायरांमागे गेली. पेटी जमिनीवर नव्हती, दोन विटांवर होती. धाकट्याने ते पाहिलं, पण त्याला अर्थ लागला नाही. कडी सहज निघाली.

आत प्रत्येक हत्यार फुलाफुलांच्या कापडात गुंडाळलेलं होतं. हेच कापड धाकट्याच्या स्वयंपाकघरात पडदा म्हणून लागलेलं होतं, गेल्याच्या गेल्या वर्षापर्यंत. दादाने एकेक घडी उलगडली. रंधा, तीन पटाश्या, काटकोन बघायचा गुण्या. गंजाचा ठिपका नव्हता. पटाशीच्या पात्यात पत्र्याच्या भोकातलं ऊन चमकत होतं.

दादाने त्या पात्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "मला वाटायचं तू थापा मारतोस. फोनवर तुझा आवाज तसा यायचा. चुकलं माझं, बाळा. माफ कर."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. ती फडक्याला हात पुसत होती.

"तेल कुठलं देतोस रे? वास ओळखीचा आहे."

धाकटा नुसताच पेटीत डोकावला. तेलाचं नाव त्याला कुठून ठाऊक असणार?

"शिलाई मशीनचं," बायको म्हणाली. "तेच ना हो?"

"हो," धाकटा म्हणाला.

खरं सांगायला एक शब्द पुरला असता, 'हिने'. तो जिभेपर्यंत आला आणि तिथेच बसला. आयत्या बिळावरचा नागोबा म्हणतात तो आपणच, हे त्याचं त्यालाच कळलं. शरमेने त्याचे कान लाल झाले. वर पत्रा तापलेला होता हे त्याचं नशीब, दादाला ते उन्हाचंच वाटलं असावं.

"चल, दुसरं माप," दादा खुशीत म्हणाला. "आता टेबल असं करू की या हत्यारांना शोभलं पाहिजे."

धाकटा पडलेल्या खांद्यांनी पुन्हा भिंतीशी उभा राहिला. बायकोने खाली वाकून रेघ ओढली. ही पहिलीपेक्षा दोन बोटं खाली आली.

"हे कसं झालं?" दादा चक्रावला. "पोक काढू नकोस. ताठ उभा राहा."

"ताठच आहे."

"मग तासाभरात आखडलास का? बघ बाबा, टेबल जन्माचं असतं. कुठली रेघ धरायची?"



"खालचीच धरा, भाऊजी," बायको खडू खाली ठेवत म्हणाली. "मला बरी पडेल."

दादा मोठ्याने हसला. "ऐकलंस? आता ही रंधा मारणार!"

धाकटा हसला नाही. त्याने वळून तळहाताने वरची रेघ पुसून टाकली.