राखीव मेमरी

“आज मेलिंग लिस्टवर एका मॅडमनी मला चांगलंच झापलं,” पोळीचा तुकडा मोडत बाबा माझ्याकडे बघून म्हणाले आणि हसले. “बरोबरच होतं म्हणा त्यांचं.”

त्या मॅडम म्हणजे मी. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलचं, म्हणजे तिच्या गाभ्याचं, डॉक्युमेंटेशन, त्याची माहिती देणारी पानं, मी सांभाळते. निवृत्तीनंतर हौसेनं हे सगळं शिकणाऱ्या बाबांनी त्या दिवशी ईमेलच्या त्या लिस्टवर सगळ्यांसमोर विचारलं होतं, “मशीन कोसळलं तर त्याची नोंद राहावी म्हणून मी २५६ एमबी मेमरी राखून ठेवायला सांगितली. मग त्याहून जास्त कशी गेली?” प्रश्न मला बाळबोध वाटला, आणि लाजही वाटली. माझ्या सासरच्या आडनावामुळे आमचं नातं कुणाला कळणार नव्हतं. मी लिहिलं, “आधी नीट वाचा, मग विचारा.” त्यांनी उत्तर दिलं, “धन्यवाद, मॅडम.”

बाबा वारल्यावर दोन महिन्यांनी तोच प्रश्न आणखी तिघांनी विचारला. तेव्हा मी कोड उघडून पाहिला. कर्नल आपणहून आणखी थोडी मेमरी राखून ठेवत होता, आणि मी लिहिलेल्या पानावर ते कुठेच नव्हतं. मी ते वाक्य घातलं. खाली ‘चूक दाखवणारे’ म्हणून बाबांचं नाव लिहिलं.

लगेच एका सहकाऱ्याचा मेसेज आला. “अगं, हे तेच काका ना, ज्यांना तू झापलं होतंस? माफी माग बाई त्यांची. ओळखतेस का त्यांना?”

“नाही,” मी लिहिलं. “पण कळवते.”