लोसाची पद्धत

समुद्राची लाट गावावरून गेली त्या दिवसापासून आमच्या कोंबड्या नीरफणसाच्या झाडावरून उतरायला तयार नव्हत्या. नवं खुराडं बांधलं, तरी सांज झाली की सगळ्या शेंड्यावर.

माझी बायको लोसा हट्टाला पेटली. रोज शिडी लावायची, एकेकीला काखेत धरून खाली आणायची आणि खुराड्यातल्या दांडीवर बसवायची.

“अगं, काठीने हाकल की!” मी म्हणालो.

“टेविता, गप बस. भ्यालेल्या जिवावर ओरडून चालत नाही. उचलायचं आणि रोज त्याच जागी नेऊन बसवायचं. रागवायचं नाही.”

“कुठवर?”

“आपल्या पायांनी येईपर्यंत.”

आज शेवटची पांढरी कोंबडीसुद्धा आपणहून आत शिरली. लोसाने कडी लावली, जिंकल्यासारखं माझ्याकडे बघितलं आणि कुंपणाला टेकवलेली चटई उचलून टेकडीवर झोपायला निघाली. लाट आल्यापासून जाते तशीच.

मी चटई तिच्या हातातून घेतली आणि रोजच्यासारखी घरात, तिच्या जागी, अंथरली. रागावलो नाही.

एरवी ती अंगणातूनच चटई परत मागून घ्यायची. आज ती उंबऱ्यापर्यंत आली.