पहिला रकाना

शेजारणीने ताट पुढे केलं आणि नजर खाली वळवली. ताटावर पांढरा रुमाल झाकलेला होता. तुपाचा वास दारापर्यंत आला.

"घ्या वहिनी. तुमच्याकडे यंदा गोड व्हायचं नाही ना, म्हणून आणलं."

नववर्षाचा सण होता. मजल्यावरच्या सगळ्या दारांना तोरणं लागली होती. नवे कपडे घालून लोक एकमेकांच्या घरी जात-येत होते, मुलं जिन्यात धुडगूस घालत होती. फक्त या एका दारावरचे खिळे रिकामे होते. वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात सण करायचा नसतो. मग शेजारी असं झाकलेलं ताट देऊन जातात. रीत चांगली आहे. अडचण एवढीच होती, की या घरातलं कुणी मेलेलं नव्हतं.

आठ महिन्यांपूर्वी मुलीने आपल्या मर्जीने लग्न केलं. मुलगा जातीतला नव्हता. बाप वायरमन. उघड्या तारेला न घाबरणारा हा माणूस लोक काय म्हणतील याला घाबरला. त्याने मुलीच्या नावाने आंघोळ केली आणि घरात तिचं नाव काढायचं नाही असा हुकूम सोडला. मुलीच्या आईने तोंडात मिठाची गुळणी धरली. आज ना उद्या हा निवळेल, कशाला आगीत तेल ओता, असं ती मनाला समजावत राहिली. मजल्यावर सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. पण प्रत्येकाच्या घरातलं वायरिंग त्यानेच केलेलं, वाईटपणा कोण घेणार? त्याने दुखवटा म्हटला, यांनी दुखवटा मानला.

कुणी चार शब्द लागट बोललं असतं, तर मुलीच्या आईने आणखी आठ महिने काढले असते. पण शेजारणीच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख होतं. मुलगी हिच्याच मांडीवर खेळून मोठी झालेली, आणि आज ही तिच्यासाठी झाकलेलं ताट घेऊन आली होती. आपण नुसतं गप्प राहिलो नाही, जिवंत पोरीला खांदा दिला, हे तिला त्या क्षणी कळलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

"ताट परत न्या," ती म्हणाली. "संध्याकाळी सगळे या आमच्याकडे, आणि येताना ते उघडं आणा."

ती तशीच जिना उतरली, कोपऱ्यावरच्या फुलवाल्याकडून तोरण घेऊन आली आणि दारात स्टूल ठेवून वर चढली. स्टुलाचा आवाज ऐकून नवरा आतून आला. एव्हाना चार-पाच दारं उघडली होती.

"खाली उतर. लोक बघतायत."

"बघू देत की. त्यांना दिसावं म्हणूनच बांधतेय."

"आपल्याकडे दुखवटा आहे."

"कोण गेलं?"

जिन्यातली मुलंसुद्धा वर बघू लागली. आता माघार घेतली तर आपली काही पत राहणार नाही, हे नवऱ्याने ओळखलं.

"माझ्यासाठी ती मेली," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

तिने दुसऱ्या टोकाची गाठ बांधून पुरी केली आणि खाली उतरली. आत जाऊन ऑफिसची पिशवी घेऊन आली. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर ती बावीस वर्षं बसत होती. रडणारे, भांडणारे, जमिनीच्या घाईने आलेले, सगळे नमुने तिने पाहिले होते. पिशवीतून तिने एक कोरा अर्ज काढला, स्टुलावर ठेवला आणि पेनचं टोपण काढून पेन नवऱ्याच्या हातात दिलं.

"नुसतं कुणी म्हणतं म्हणून मी आजवर कुणाला मेलेलं धरलं नाही. तुम्हालाही वेगळा नियम नाही. हा पहिला रकाना, मृताचं नाव. नाव तुम्हीच ठेवलंत, तुम्हीच लिहा. लिहिलंत की तोरण काढते. पुन्हा जन्मात या दाराला लावणार नाही, आणि तिचं नावही काढणार नाही."

बोलली खरी, पण मनातून ती घाबरली होती. हट्टाला पेटलेला माणूस. लिहिलं तर? मग शब्द फिरवता येणार नव्हता.

नवऱ्याने खिशातून चष्मा काढून लावला. तो वाकला. एका हाताने त्याने अर्ज दाबून धरला, जागा नीट बघून पेन टेकवलं. शेजारणीने डोळे मिटून घेतले. पेन बराच वेळ तिथेच राहिलं, आणि त्याखाली शाईचा ठिपका पसरत गेला.

मग त्याने अर्जाचे टराटरा दोन तुकडे केले.

"अक्कल आहे का तुला?" तो बायकोवर ओरडला. "वर्षाच्या पहिल्या दिवशी माझ्या पोरीचं नाव मी असल्या कागदावर लिहू?"